चोळीच्या मापाची बंदूक

चतुराबाईनं उजवा हात कोपरात दुमडला आणि श्वास रोखून उभी राहिली. मोहियोद्दीन मिस्त्रीनं सुतळी उचलली, एक पाऊल पुढं टाकलं आणि तिथंच थांबला. परक्या बाईच्या दंडाला दोरी लावायची कशी?

"जरा बाहर आव जी," त्यानं आत हाक मारली.

कमरुन्निसा पिठाचे हात झटकत आली. कोपराच्या खोबणीपासून चाप ओढायच्या बोटापर्यंत तिनं सुतळी ताणली आणि गाठ मारली.

"आजवर चोळीचंच माप घेतलं बाई म्या. आता काय बंदुकीला चोळी शिवायची?"

"शिव की. फकस्त मला बसंल अशी शिव."

बंदूक ठासणीची होती, तिच्या नवऱ्याची, हरिचंदची. तो दारातून वाकून आत येणारा माणूस. दिवाळीआधी तो गेला आणि बंदूक चतुराबाईच्या हाती आली. कयाधूकाठची ज्वारी आता हुरड्याला आली होती, पलीकडच्या तीरावरून रानडुकरं उतरत होती. मचाणावरून तिनं तीनदा बार काढला. लांबलचक दस्ता खांद्यावर ठरेना, काखेत सरके, आणि डुकरं मान वर न करता खात राहत. डुकरं हटली नाहीत तर रान दीर उत्तमरावाला अर्धेलीनं द्यावं लागणार होतं. त्याला ते हवंच होतं. बंदुकीवरही त्यानं हक्क सांगितला होता. सोमवारी हिंगोलीत दोघांनी अंमलदारापुढं याच बंदुकीनं नेम मारायचा आणि ज्याचा लागेल त्याच्या नावानं परवाना, असं ठरलं होतं.

"वहिनी, एकडाव करवत चालली का परत जुळत न्हाई बरं," मिस्त्री म्हणाला. "इचार करा."

"एकादशीला बुवा कीर्तनात रंगले व्हते, आन मी टाळ्या वाजवता वाजवता ह्योच इचार करून राहिले व्हते. पांडुरंग माफ करंल. चालवा करवत."

शिसवीचा काळपट भुसा पडत राहिला. चार बोटं रुंदीचा तुकडा जमिनीवर पडला. मिस्त्रीनं दस्त्याची कड कानशीनं घासून खांद्याजोगी खोलगट केली. नळीच्या टोकाची, नेम धरायची जाड माशी काढून पितळेची बारीक बसवली. जाड माशीआड लांबचं डुक्कर सबंध झाकून जायचं.

चतुराबाईनं बंदूक खांद्याला लावली. तुळशीची माळ मध्ये येत होती, ती बोटानं डावीकडं सारली. गाल लाकडावर टेकला. गल्लीच्या टोकाचा निंब माशीवर येऊन उभा राहिला, हलला नाही.

गल्लीतून उत्तमरावाच्या वहाणा करकरल्या. कमरुन्निसानं एकदा बाहेर पाहिलं, भुशात काहीतरी चाचपलं आणि "चहा टाकते," म्हणत आत गेली.

"इथंवर मजल गेली का?" उत्तमराव उंबऱ्यातूनच बोलला. "गळ्यात माळ आन हातात बंदूक! जीव मारणार माळकरीण?"

"माळ माझी, रानबी माझं, भावजी. देवापुढं जाब द्यायला तुमाला न्हाई पाठवणार."

त्यानं बंदूक तिच्या हातातून ओढून आपल्या खांद्याला लावली. कोपर अवघडून बाहेर आलं, अंगठा नाकावर आदळला. डोळ्याला पाणी आलं.

मिस्त्री दारापाशी सरकून भुसा झाडू लागला.

"मोहियोद्दीन, तुकडा कुठं हाय? आत्ताच्या आत्ता जोड परत."

मिस्त्रीनं भुसा उकरला. कोनाड्यात हात घातला. मग आतल्या दाराकडं पाहिलं.

"चुलीत हाय," आतून कमरुन्निसाचा आवाज आला. "वल्लं सरपण पेटत न्हवतं, भाई."

मिस्त्री बायकोच्या दिशेनं पाहतच राहिला. शिसवीची बोटभर ढलपीसुद्धा त्यानं कधी जाळू दिली नव्हती.

"मंग नवा दस्ता कर. सोमवारच्या आत."

"शिसव वाळायला दोन साल लागतेत, उत्तमराव. वल्ल्याचा केला तर पयल्याच बाराला तडकंल. तोंडापाशी अस्तो तो, बराबर ना?"

त्याच्या पाठीमागं शिसवीचे वाळलेले चार ओंडके भिंतीला टेकवून ठेवलेले होते. मिस्त्री त्यांच्या पुढ्यातून हलला नाही.

उत्तमरावानं बंदूक बाकावर आपटली. "सोमवारी बघू."

"बघू की," चतुराबाई म्हणाली.

कमरुन्निसा कपबशी घेऊन आली आणि उत्तमरावाला पाहून घुटमळली. हिंदूच्या घरची विधवा, माळकरीण. कप पुढं करावा की माघारी न्यावा? चतुराबाईनंच हात पुढं केला. उत्तमरावाच्या डोळ्यांदेखत तिनं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि भुरका मारला.

"वहिनी!" तो ओरडला. "सगळ्या गावाला सांगीन."

"सांगा. आन हेबी सांगा," ती बशी रिकामी करत म्हणाली, "गूळ कमी पडला व्हता. कमरू, आणखी एक टाक गं."