पोतारलेली खोली

तातेरावानं सेल्फ मारला. इंजिन घरघरलं, चांगलं जोरात फिरलं, पण उठलं काही नाही. त्यानं मान वळवून सायलेन्सरकडं पाहिलं. धूर नाही. पांढरा नाही, काळा नाही, नावालासुद्धा नाही.

"डिझेलच पोचत न्हाई मालक," तो म्हणाला.

"पोचंल कसं? मीच हातानं फॉल्ट करून ठेवलाय." काकासाहेब बाजेवर लोडाला टेकून बसले होते. "कुठं हाये ते तू शोधायचं. हीच परीक्षा. परवा एक आल्ता, काल एक. दोघं बी तोंड पाडून गेले. तुला सापडला तर नोकरी तुझी, खोली बी तुझी. बिलकुल!"

बाजेवरच्या दोन पाहुण्यांनी मांडीवर थाप मारली. काय एकेकाची हौस!

तातेरावाचा मात्र त्या 'बिलकुल'वर लगेच विश्वास बसला. न बसून सांगतो कुणाला? दुष्काळी कामांवर दोन वर्षं त्यानं खडीचा ट्रक चालवला होता. पाऊस बरा झाला, कामं बंद पडली, आणि लायसन खिशात ठेवून तो बदनापूरच्या स्टेशनात पोती उचलू लागला. चार दिवसांपूर्वी केदारखेड्याच्या या मळ्यावरून निरोप आला : डिझेल जीपला ड्रायव्हर पाहिजे, बायको-लेकरू घेऊनच ये, राहायला खोली आहे. म्हणून आज पहाटे त्यांनी बदनापूरची भाड्याची खोली सोडली. ट्रंक, वळकटी, स्टोव्ह आणि कौसल्याच्या कडेवर सव्वा वर्षाची लेक. आता परत जायला जागा नव्हती.

खोली गोठ्याला लागूनच होती. आल्या आल्या काकासाहेबांनी कौसल्याला सांगितलं होतं, "बाई, रिकामी बसू नको. तवर भिंती पोतारून घे. पांढरी माती भिजवून ठेवलीय. पाणी विहिरीवरचं न्हाई, जनावराच्या हौदातलं घे." हौदाचं तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खोली मिळत होती ना!

थोड्या वेळानं ती कोपरापर्यंत पांढरे हात घेऊन जीपजवळ आली.

"अवो, दोन भिंती पोतारलेल्याच हायेत," ती हळूच म्हणाली. "मालक चांगले दिसतेत."

"मंग तिसरी जल्दी कर."

त्यालाही अर्धं काम झालेलंच सापडलं होतं. बॅटरीची टोकं घासून लख्ख, फिल्टर नवा, त्याचे वायसरही नवे. म्हणजे परवाचा गडी बॅटरीतच अडकला आणि कालचा फिल्टरपाशी. येडेच की दोघं! तातेरावाला चक्क बरं वाटलं.

त्यानं फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. डिझेलऐवजी फेस आला. पुन्हा मारला, पुन्हा फेस. दंड भरून आले तरी फेस संपेना. कुठून तरी हवा आत शिरत होती. तो जीपखाली सरकला आणि टाकीपासून पाइपवर बोट फिरवत आला. हातभर अंतरावर बोट थांबलं. पाइपची क्लिप कधीच तुटून पडली होती, आणि पाइप चेसिसवर घासत होता. घासून घासून तांबं कागदासारखं झालेलं, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. भोवतीची धूळ डिझेल पिऊन काळी, टणक झाली होती.

तो तसाच पडून राहिला. हे हातानं केलेलं नव्हतं. असं भोक कुणाला करताच येत नाही, त्यासाठी जीप दोन-तीन वर्षं खड्ड्यांतून हिंडावी लागते. फॉल्ट कुठं आहे हे काकासाहेबांना ठाऊकच नव्हतं.

मग त्यानं स्वतःची समजूत घातली. पाहुण्यांसमोर जीप बिघडली म्हणायची लाज वाटली असेल मालकाला. पण शब्द तर चार माणसांत दिलाय.

"सापडला का रे माझा फॉल्ट?" वरून आवाज आला.

"सापडला मालक," तो खालूनच म्हणाला. "लई हुशारीनं केला तुम्ही."

पाहुणे हसले. काकासाहेबही हसले, जरा उशिरा.

त्यानं खराब तुकडा करवतीनं कापला, फवारणीच्या पंपाची जुनी नळी मागून घेतली, दोन्ही टोकांवर चढवली, तारेनं आवळली. तोंडानं डिझेल ओढून घेतलं, हवा काढली आणि सेल्फ मारला. दुसऱ्याच फेरीला जीप उठली. गोठ्यातले बैल दचकले. कौसल्या दारात येऊन पांढऱ्या हातांनी लेकीला टाळ्या वाजवून दाखवू लागली.

"शाबास!" काकासाहेब उठले. "भुजंग, ये रे. बस."

घरातून काकासाहेबांचा भाचा आला. तातेराव सीटवरून पुरता उतरलाही नव्हता, तोवर त्यानं आत पाय टाकला.

"हे चालवतेत?" तातेरावानं विचारलं.

"दोन वर्षं झाले. चालवतो झकास, बिघाड तेवढा कळत न्हाई त्याला." काकासाहेबांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "तू पत्ता देऊन जा. कळवतो."

"मालक, तुम्ही म्हणले व्हते, सापडला तर…"

"मंग कळवतो म्हणलं की!"

"पत्ता न्हाई मालक. खोली सोडून आलो."

"मंग कळवू कुठं?"

काकासाहेबांनी पाहुण्यांकडं पाहिलं, आणि तिघं असे खदाखदा हसले की लेक रडायला लागली. जीपमध्ये बसण्याआधी काकासाहेबांनी खोलीत डोकावून पाहिलं.

"बाईचा हात साफ हाये," ते म्हणाले.

ट्रंक डोक्यावर घेऊन दोघं सडकेला आली.

"अवो, एक भिंत वाळलेली व्हती, दुसरी अजून ओली," कौसल्या म्हणाली. "एकीवर लांब बोटं उमटलेले, दुसरीवर बारके. दोघी बायांचे हात हायेत ते."

तातेराव थुंकला. डिझेलची चव जात नव्हती.

उन्हं उतरताना भोकरदनहून जालन्याची गाडी आली. गाडीतून एक जोडपं उतरलं. गड्याच्या डोक्यावर ट्रंक, हातात पान्यांची पिशवी. बाई पोटुशी, दिवस भरत आलेले.

"काकासाहेबाचा मळा कोणता वो?" गड्यानं विचारलं. "ड्रायव्हर पाहिजे म्हणून निरोप आल्ता. उद्याचं बोलावलंय, पण म्हणलं आजच जावं. काही तरी परीक्षा घेतेत म्हणे."

तातेरावानं तोंड उघडलं. आणि मिटलं. आपण एकट्यानंच का येडं ठरावं? त्यानं मळ्याच्या दिशेला हात केला.

"खोली पाहिली का वो तुम्ही?" बाईनं कौसल्याला विचारलं. "बरी हाये का?"

कौसल्यानं तिच्या हातांकडं पाहिलं. मग स्वतःच्या. नखांतली माती वाळून पांढरी झाली होती.

"बरी हाये. तीन भिंती पोतारलेल्या हायेत. एकच राह्यली."

कंडक्टरनं घंटी मारली. लेकीला वर तातेरावाकडं देऊन कौसल्या गाडीत चढली. खाली ती बाई नवऱ्याला हसून सांगत होती,

"मालक चांगले दिसतेत."