बेचाळीस गोलांचा सत्कार

‘भारताच्या माजी फुटबॉलपटू सुकन्याताई यांचे ४२ गोलांबद्दल हार्दिक अभिनंदन!’ फलकावरची ती ठसठशीत अक्षरं पाहिली आणि सुकन्यानं कपाळावर हात मारला. देशासाठी ती सामने खेळली होती बेचाळीस. गोल केला होता एक. तोही दुसरीनं मारलेला चेंडू तिच्या गुडघ्याला लागून आत गेला म्हणून.

“शिवानंद, हे कुणी छापलं?”

मैंदर्गी गावच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष शिवानंद नारळांना हळदकुंकू लावत होता. “तुमच्या आबांनीच सांगितलं की, ताई. बेचाळीस.”

“सामने बेचाळीस, बाबा! गोल एक.”

शिवानंदनं आवाज खाली आणला. “एकच? एका गोलावर सत्कार केला तर लोकं तोंडात शेण घालतील आमच्या!”

झालं! बारा वर्षं हेच. रिक्षावाल्यापासून आत्याच्या नणंदेपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, किती गोल? मधल्या फळीत खेळणारीनं मागून चेंडू घ्यायचा, सांभाळायचा, पुढं द्यायचा, हे समजावून सांगता सांगता तिनं हात टेकले होते. पालथ्या घड्यावर पाणी.

पहिल्या रांगेत नवा फेटा बांधून तिचा बाप बिरप्पा बसला होता. तिनं आकड्याचं विचारताच त्यानं घोंगड्याच्या घडीतून काळ्या लोकरीचा दोरा काढला. मेंढी व्याली की तो अशा दोऱ्याला गाठ मारायचा.

“सामना झाला की तू फोन करायचीस. मी गाठ मारायचो.”

“आबा, ते सामने हायत. गोल न्हवं!”

“येवढ्या लांब जाऊन रिकाम्या हातानं कोन परत येतंय?” बिरप्पानं दोरा आत ठेवून दिला. विषय संपला. त्याच्या लेखी गाठ म्हणजे कोकरू आणि सामना म्हणजे गोल. बारा वर्षं अख्ख्या बाजाराला तो हेच सांगत आला होता.

आता खरं बोलावं तर भरल्या गावात बापाची मान खाली. गप्प बसावं तर तिनं रक्त आटवून केलेलं काम गावाच्या लेखी कधी झालंच नव्हतं.

शाल झाली, नारळ झाला. शिवानंदनं ‘बेचाळीस गोलांची वाघीण’ म्हणून आरोळी ठोकली. टाळ्या पडल्या, बिरप्पानं मिशीवरून हात फिरवला, आणि सुकन्याचं डोकंच फिरलं. तिनं माइक ओढून घेतला.

“माझा गोल एकच हाय. फलक चुकलाय.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. शिवानंद माइक घ्यायला धावला, तिनं दिला नाही. बिरप्पाचा चेहरा उतरला, मग तापला. तो ताडकन उठला.

“एकच? मग बेचाळीस येळा तुला नेली कशापायी?”

लोक खो खो हसले. सुकन्याला मात्र हसू आलं नाही. किती गोल हे सगळ्यांनी विचारलं होतं. नेली कशाला, हे बारा वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं.

“आबा, मेंढरं रानाला निघाली की म्होरं कोन चालतंय?”

“मी.”

“मागं?”

“तुझा भाऊ, बिभीषण.”

“आन मधी?”

“तुझी आई की!” बिरप्पा वैतागला. “हितं मेंढरांचं काय काढलंस?”

“एखाद्या दिवशी आई न्हाय आली तर?”

बायकांच्या घोळक्यात बसलेल्या आपल्या बायकोकडं, राजाबाईकडं, बिरप्पानं एकवार बघितलं.

“कळप फुटतोय,” तो हळू म्हणाला. “निम्मी हिकडं, निम्मी तिकडं. माझं म्होरं चालून काय उपेग न्हाय.”

“मी तेच काम करत होते, आबा. म्हणून मला नेत होते ते.”

तेवढ्यात बायकांमधून राजाबाई उठली. तिनं पदर खोचला आणि भरल्या मांडवात नवऱ्यावर कडाडली.

“चाळीस वर्सं मी मधी चालतीया. ह्यो शबुद आज निघाला व्हय तोंडातनं?”