पाठीवरचा डाग

दारात मिठाईचा पुडा घेतलेली अनोळखी बाई दिसली, तेव्हाच दोनातेल्लाच्या मनात पाल चुकचुकली. तिच्या रोममधल्या घरी यायचे ते पन्नाशीचे, घामेजलेले पुरुष. जुन्या पोस्टरांवर तिच्या सह्या घ्यायचे आणि नजर चोरत निघून जायचे. ही तर तिच्याच वयाची म्हातारी.

"सही हवी? पोस्टर कुठाय?"

"पोस्टर नाही, सिन्योरा. मी अस्सुन्ता. जरा बोलायचं होतं."

"बोला की. दारातूनही ऐकू येतं मला."

दोनातेल्ला ताकही फुंकून प्यायची, ते उगाच नव्हे. तरुणपणी तिनं तेवीस सिनेमांत रक्तपिपासू सरदारांच्या बायका केल्या, तुरुंगातल्या कैदिणी केल्या, अर्ध्या कपड्यांत किंचाळली. त्याची तिला लाज नव्हती. पण त्या धंद्याला एक वाईट खोड होती. चित्रीकरण संपून नटी घरी गेली की वितरक एखाद्या गॅरेजात दुसऱ्याच बाईला उभं करायचा, तिचा चेहरा न दाखवता चार नागडे प्रसंग उरकायचा आणि परदेशी जाणाऱ्या प्रतींत चिकटवायचा. असाच एक ओंगळ प्रसंग दोनातेल्लाच्या नावावर चढला. लेकीच्या, मारिलेनाच्या, होणाऱ्या नवऱ्यानं तो पाहिला आणि लग्न मोडलं. ते अंग माझं नाही, म्हणून दोनातेल्लानं शपथा घेतल्या. लेकीनं विश्वास ठेवला नाही. एकोणीस वर्षं ती आईशी बोलली नव्हती.

अखेर दोनातेल्लानं बाईला आत घेतलं, पण तिच्या हातांवरची नजर हलू दिली नाही. बाई भिंतीवरच्या फोटोंकडे ढुंकूनही बघेना. चोर असावी, नाहीतर वार्ताहर.

"खरं सांगा, कुणी पाठवलंय तुम्हाला?"

अस्सुन्ता पाठमोरी झाली आणि तिनं ब्लाउज खांद्यावरून खाली ओढला. डाव्या खांद्याखाली भाजल्याचा तांबूस डाग होता. तो ओंगळ प्रसंग दोनातेल्लानं एकदाच पाहिला होता, पण हा डाग ती जन्मात विसरली नसती. आपली कोरी पाठ तिनं लेकीला दाखवलीही होती, तर लेक म्हणाली होती, सिनेमात डाग रंगवताही येतात.

"गॅरेजात फार थंडी होती," अस्सुन्ता म्हणाली. "वाटलं, चेहरा तर दिसत नाही, कुणाचं काय जातंय? परवा तुमची मुलाखत वाचली. लेकीचं कळलं."

दोनातेल्लाला रडू फुटलं, आणि संतापही आला. "एवढी वर्षं कुठं उलथली होतीस गं, मेले?"

"मलाही संसार होता, सिन्योरा. घाबरले."

दोनातेल्लानं तिथल्या तिथं लेकीला फोन लावला आणि अस्सुन्ताच्या हातात दिला. मारिलेनानं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "आईला द्या."

दोनातेल्लानं फोन कानाला लावला.

"हिला किती दिवस पढवलंस, आई?"

"ये आणि डाग बघ."

पलीकडे गाडीच्या किल्ल्या वाजल्या.

"निघते. तास लागेल. तोवर तुझी बाई पसार होणार, बघच तू."

फोन ठेवून दोनातेल्लानं दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"हे काय हो?" अस्सुन्ता दचकली.

"जेवून जायचं," दोनातेल्ला म्हणाली. "बस तिथं. खिडकीपासून लांब."