मोसंबीचा फर्मा

आवडाबाईंचा हात पोचायच्या आत शौकतभाईंनी टेबलावरचं पुस्तक उचललं आणि झब्ब्याच्या घेरात सरकवलं. सत्तरीतल्या बाइंडरला न शोभणारी चपळाई होती ती.

गुलमंडीच्या वाचनालयात पुंडलिक काथारांची आठवण काढायला अकरा माणसं जमली होती. काथारांनी आयुष्यभर मंगळावरच्या, शनीवरच्या विज्ञानकथा लिहिल्या. स्वतः कन्नड तालुक्याच्या पलीकडं क्वचितच गेले. महिन्यापूर्वी वारले. आज ज्यानं त्यानं आपली आवडती गोष्ट सांगायची होती, आणि काथारांची मुलगी तनुजा पुढं बसून ऐकत होती.

"माझी 'शेवटचा सिलिंडर'," ग्रंथपाल आवडाबाई म्हणाल्या. "मंगळावर एकटा माणूस. हवा संपत आलेली. तो दार उघडतो, आणि पुढच्या पानावर काय? 'मोसंबीची कलमे अठरा फुटांवर लावावीत. मुळाला धक्का लागू देऊ नये.' मरायला टेकलेला माणूस बाग लावतोय हो! लई रडले मी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ती गोष्ट साऱ्यांनी वाचनालयातल्या याच एका प्रतीत वाचली होती.

"द्या ते पुस्तक, शौकतभाई. पोरीला वाचून दाखवते."

"नको, बाई. शिलाई ढिली झालीय."

"तुमच्याच हातची ना?"

"व्हय. तेच तर."

शौकतभाई उठले आणि त्यांनी पुस्तक तनुजाच्या मांडीवर ठेवलं. मान वर केली नाही.

"बेटा, चाळीस वर्षं झाली. बाइंडिंगला दोन पुस्तकं होती. एक तुझ्या वडलांचं, एक कुण्या बागवानाचं, मोसंबीच्या लागवडीवरचं. शेवटचा फर्मा, सोळा पानं, इकडचा तिकडं शिवला मी. हे लोक तवापासून माझ्या चुकीवर रडतायत. सांगायची हिंमत नाय झाली."

आवडाबाईंनी डोळ्यांकडं नेलेला पदर अर्ध्यातच थांबला. काथारांचा खरा शेवट ज्याच्याकडं गेला, त्या बागवानाची मोसंबी त्या साली कशी आली, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही.

"बाबांना माहीत होतं," तनुजा म्हणाली. "इथंच बसून वाचलं त्यांनी. घरी येऊन दोन दिवस हसत होते. म्हणाले, माझ्या शेवटात तो मरत होता."

तिनं पिशवीतून कागदांचा एक गठ्ठा काढला.

"हे त्यांचं शेवटचं. अर्धवट राहिलंय. बाइंडिंगला शौकतभाईंकडंच दे, म्हणाले होते."

शौकतभाईंनी सवयीनं गठ्ठ्याच्या कडेवर अंगठा फिरवला. शेवटची पानं कोरी होती. किती, ते हातालाच कळलं. सोळा.

ते चष्मा काढून पुसू लागले.

"ह्यातला माणूस कुठं अडकलाय?"

"शनीच्या कड्यांत."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, गठ्ठा छातीशी धरला.

"बागेला पाणी कसंय तिथलं?"