मी मधली रेघ ओलांडत नाही

मागावरचा धोटा. खाट, खाट. उभ्या धाग्यांतून आडवा धागा.

कडुलिंबाचा डहाळा, चौकटीला खोचलेला.

एक पांढरी पेशी. ती मरायला तयार आहे. तिला मरू दिलं जात नाही.

वाटीत कालवलेला गेरू.

कपाळाच्या मधून, नाकाच्या शेंड्यावरून, हनुवटीपर्यंत माणसाच्या तोंडावर एक रेघ असते. आरशात ती दिसत नाही.

मित्रांनो, या सगळ्यांत मी आहे. मी एक जुना विषाणू आहे. पहिल्यांदा अंगावर येतो तेव्हा मला कांजिण्या म्हणतात. बऱ्याच वर्षांनी पुन्हा उठतो तेव्हा नागीण म्हणतात. नावं दोन, मी एकच.

मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही. हुकमांची एक बारीक दोरी आणि मूठभर प्रथिनं, एवढाच माझा संसार. माझा जन्म कुणाची तरी पेशी फोडून होतो. दुसऱ्या तऱ्हेने मला जन्मता येत नाही.

१९९२ च्या उन्हाळ्यात उचगावच्या एका लग्नात एक लेकरू खोकलं. शेजारच्या पंगतीत बाळाप्पा जेवत होता. कबनूरचा माग कामगार, वय अठ्ठावीस. त्याच्या श्वासाबरोबर मी त्याच्या घशात गेलो. घशातल्या गाठींत शरीराचे सैनिक उभे असतात. टी-पेशी म्हणतात त्यांना. माझ्यासारख्यांना ठार मारणं हेच त्यांचं काम. मी त्यांच्यापासून पळालो नाही. मी त्यांच्यातच घुसलो.

शरीराचा एक कायदा आहे. प्रत्येक पेशीने आत काय विणलं जातंय त्याचा तुकडा दारावर टांगायचा. तुकडा परका निघाला, की सैनिक येऊन त्या पेशीला मारतात. आणि आपण लुटलो गेलो हे पेशीला कळलं, तर ती स्वतःच जीव देते. माझ्या एका प्रथिनाला शास्त्रज्ञ सहासष्ट म्हणतात. त्याने हे दोन्ही मोडलं. दारावरचे तुकडे आतच दाबून धरले. जीव द्यायला निघालेल्या सैनिकाचा हात पिरगाळून त्याला जगवलं. इतर प्रथिनांनी त्याचं बाहेरचं रूप बदललं आणि त्याला कातडीच्या वाटेला लावलं. गणवेश सैनिकाचा, पाय सैनिकाचे, हुकूम माझा. रक्तातून दौडत तो कातडीपाशी पोचला. माझं काम झालं, आणि तो फुटून मेला. असे किती मेले. ज्या घोड्यावर बसून आलो, तो प्रत्येक घोडा मी मारला.

बाळाप्पाच्या अंगावर तीळ ठेवायला जागा उरली नाही. मोठ्या माणसाला मी जास्त फाडतो. तो तापात बरळत होता. त्याच्या आईने, अव्वाने, चौकटीला कडुलिंब खोचला आणि चुलीवरची फोडणी बंद केली. "देवीच्या बाया आल्यात घरात. कुनी मोट्यानं बोलू नगा," ती सगळ्यांना दटावायची.

मग माझ्या हाती न लागलेले सैनिक चालून आले. त्यांनी माझी खांडोळी केली. मी थोडासा उरलो. एका नसेतून सरपटत वर गेलो आणि उजव्या डोळ्यामागच्या खोल गाठीत लपलो. ते बाहेर पहाऱ्याला बसले. सोळा वर्षं. बाळाप्पा मला विसरला. मी निजलो. खरं सांगतो, तेवढीच माझी शांत वर्षं.

२००८ मध्ये बाळाप्पाला साखर निघाली. तरी तो रातपाळी करतच राहिला. पहारा पातळ झाला. मी उठलो आणि नस जाळत खाली आलो. बाळाप्पाने उजवं कपाळ मागाच्या लोखंडावर आपटून घेतलं. दुसऱ्या दुखण्याने हे दुखणं दबेल, असं त्याला वाटलं. मग फोड उठले.

"अवं, डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊ या की," त्याची बायको हिराबाई म्हणाली. "नाकाच्या शेंड्यावर बी फोड आलाय."

"नागीण हाय ती. सुई टोचली की पिसाळती. आकारामला सांगावा धाडलाय."

आकाराम नागीण उतरवायचा. त्याने बाळाप्पाचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"व्हय, नागीणच. कमरंची वाट चुकलीया. ह्यो फणा, ही शेपूट. दोन्ही टोकं मिळाली की माणूस खलास. पर मी मिळू देत न्हाय."

"आन् डोळा, आकारामदादा?"

"डोळ्यात शिरून काय करंल वैनी ती? तिला काय पेपर वाचायचाय?"

बाळाप्पा हसला. हसताना दोन फोड फुटले.

आकारामने गेरूची रेघ ओढली, बरोबर मधोमध. सकाळी लोक बघायला आले. मी रेघेपाशी थांबलो होतो.

"बगा! थटली का न्हाय?"

मित्रांनो, मी ती रेघ कधीच ओलांडत नाही. मी एका नसेत राहतो, आणि उजवी नस उजव्याच अंगाला जाते. गेरू नसता तरी मी तिथेच थांबलो असतो. म्हणून आकाराम प्रत्येक घरात जिंकत आला. तो खोटारडा नव्हता. त्याने टोकं मिळालेली कधी पाहिलीच नव्हती.

सगळी गल्ली रेघेकडे बघत होती. मी दुसरीकडे गेलो. नाकाच्या शेंड्याला जी नस जाते, तिचीच फांदी डोळ्यात जाते. बुबुळावरची काच मी कुरतडली. सैनिक धावून आले, आणि मला मारता मारता त्यांनीही तीच काच जाळली. ती दुधासारखी पांढरी झाली.

"उठा," शेवटी हिराबाईने त्याला दंडाला धरून ओढलं. "जिंकली तुमची रेघ. आता डोळा दाखवा."

कोल्हापुरातल्या डॉक्टरीणबाईंनी डावा डोळा झाकून उजवी पापणी उचलली. "बोटं किती?"

"बोटं कुटली, बाई? हातबी दिसंना."

"पहिल्या दिवशीच गोळ्या सुरू करायला हव्या होत्या. आता या डोळ्याची नजर येणार नाही."

बाळाप्पाने बोटाने कपाळावरची रेघ चाचपली. मग म्हणाला, "पर टोकं तर मिळाली न्हाईत की."

मित्रांनो, मी अजून त्याच गाठीत आहे. माझ्यावर दया करा असं मी म्हणणार नाही. तुमच्या सैनिकांना पोटभर जेवू घाला, रात्री झोपू द्या. घरात कुणाच्या कपाळावर, नाकावर एकाच बाजूला फोड उठले, तर टोकं मोजत बसू नका. त्याच दिवशी डोळा दाखवा. मी वाट बघत नाही.

पहिला फोड उठला त्या सकाळी बाळाप्पा कबनूरच्या चौकात आकारामची वाट बघत औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसला होता, आणि त्या गोळ्या आत फळीवर होत्या.