पगाराचा रकाना

खानावळीच्या हिशेबाचा गृहपाठ परत आला तो पगाराच्या रकान्याभोवती लाल वर्तुळ घेऊनच. खाली मास्तरांचा शेरा: 'आठ माणसं राबतात आणि पगाराचा खर्च शून्य? दुरुस्त करून पाठवा, नाहीतर या विषयात पास करता येणार नाही.'

रोसमानियारने चष्मा कपाळावर ढकलला. "दुरुस्त कर म्हणे! अगोदर चुकलंय कोणाचं ते ठरू दे."

पायाकुंबुहच्या बाजारातली खानावळ तिच्याकडे आईकडून आली होती आणि आईकडे आजीकडून. तिथल्या मिनांग लोकांच्या घरात बाईचंच बाईकडे जातं, पुरुषाने जेवावं आणि सल्ला द्यावा. हिने उतारवयात बाहेरून बारावी काढली आणि घरबसल्याच्या कॉलेजात हिशेबाच्या विषयाला नाव घातलं, तेही एका पुरुषाच्या सल्ल्याला कंटाळून. तो पुरुष म्हणजे तिचा मुलगा युलहेंद्री. पेकनबारूला बँकेत होता. आला की सुरू, "अमाक, तुला त्यातलं कळत नाही." आईला अमाक म्हणतात तिकडे, पण हा म्हणायचा ते असं, की गल्ल्यावर कुणी मोलकरीण बसवलीय. नाही ना कळत? मग कळवूनच घेते, म्हणाली ती. वर्गातली पोरं नातवंडांच्या वयाची. कुणी खुदखुदलं की ती लॅपटॉपच्या पडद्याला नाक लावून विचारायची, "काय रे, दात दाखवायची फी भरलीस का?"

युलहेंद्रीने हल्ली एकच धोसरा लावला होता. खानावळीतल्या सगळ्यांना महिन्याचा पगार लावायचा आणि उरेल तो नफा घरचा. लाल वर्तुळ बघून तर त्याला उकळ्याच फुटल्या.

"बघ, मास्तरही तेच म्हणतोय. लिहून टाक पगार. कागदच तर आहे."

"कागदच आहे ना? मग तुझ्या लग्नाचा आण, चुलीत घालते."

त्या खानावळीत पगार कधी नव्हताच. तिथे होते मातो, म्हणजे वाटे. तीन महिन्यांनी सगळे एका चटईवर बसत. निम्मा नफा जागेचा आणि भांड्यांचा म्हणून रोसमानियारचा, उरलेला मातोप्रमाणे सगळ्यांचा. आचारी जामारिसचे मातो सगळ्यांत जास्त, हातावर ताटल्यांची उतरंड घेऊन पळणाऱ्या रामलिसचे त्याखाली, भांडी घासणाऱ्या नुरजानीचे त्याहून कमी. कमी असतील, पण वाटेच. म्हणून तर रामलिस गिऱ्हाइकाला घरच्या पाहुण्यासारखं ओढून आणायचा. आज पगार लिहिला की उद्या तो घड्याळाकडे बघणार, हे कळायला कॉलेज लागत नव्हतं.

शनिवारी दुपारची गर्दी ओसरली तसा तिने काचेच्या कपाटाशेजारी लॅपटॉप उघडला. युलहेंद्री खुर्ची ओढून मजा बघायला बसला. मास्तर विबिसोनो जावा बेटावरचे, बोलणं साखरेच्या पाकासारखं, बाईमाणसाला अदबीने इबू म्हणणारं.

"इबू, जो तुमच्यासाठी काम करतो त्याला दिलेले पैसे खर्चात धरतात. हा पहिल्या धड्यातला नियम आहे."

"माझ्यासाठी कुणी काम करत नाही, मास्तर. माझ्याबरोबर करतात."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. मास्तर हसले नाहीत.

"बरं. मग एक सांगा. तोटा झाला तर तो कुणाचा? नोकराला तोट्यातही पगार मिळतो. भागीदाराला मिळत नाही."

रोसमानियारने मागे मान वळवली. "जामारिस! घाटात दरड कोसळून रस्ता बंद होता, त्या हिशेबाला तुला किती मिळाले?"

आतून कढईवरच्या झाऱ्याचा आवाज थांबला. खानावळीत सगळे तिला उनी, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. "काय मिळणार, उनी? फणसाची भाजी मिळाली. बायको म्हणाली, आता पुन्हा फणस आणलास तर तुलाच शिजवते."

"आणि तू कामाला आलास का नाही?"

"मग कुठे जाऊ? कढई इथे आहे."

"ऐकलंत, मास्तर?"

"ऐकलं. मग हे भागीदार. पगाराचा रकाना मोकळा, मान्य." मास्तरांनी चष्मा पुसला. "पण इबू, मग तुमचा गृहपाठ दुसरीकडे चुकलाय. मालकांच्या पानावर एकच नाव आहे. तुमचं. भागीदार आहेत, तर त्यांची नावं कुठायत?"

रोसमानियारने मालकांचं पान पुन्हा उघडून पाहिलं. आईच्या काळापासून मातो वाटले जात होते, पण मालकाच्या जागी दुसरं नाव लिहावं हे आईच्याही मनात आलं नव्हतं नि हिच्याही.

"दोन्ही तोंडांनी बोलता येणार नाही," मास्तर हळूच म्हणाले. "पगार लिहा, नाहीतर नावं लिहा. आज संध्याकाळपर्यंत."

युलहेंद्री खुर्चीवरून उडालाच. "अमाक, पगार लिही! नावं लिहिलीस तर उद्या हेच लोक दारात येऊन हक्क मागतील."

"दारात कशाला? आत बसून मागतील."

"अगं, तुझ्या आईची खानावळ आहे ही!"

"म्हणूनच मी लिहितेय. तुझ्या बापाची असती तर तुला विचारलं असतं."

तिने एका बोटाने जामारिसचं नाव लिहिलं. भांडवलाच्या रकान्यात शून्य घालावं लागलं तेव्हा ती मास्तरांवर डाफरली, "त्याच्या हाताची चव म्हणजे शून्य? तुमच्या विद्येत चवीला खातं नाही?"

"नाही, इबू. पण शेजारी नफ्यातल्या वाट्याचा रकाना आहे."

"असू दे. अर्धवट का होईना, विद्याच ती." तिने वाटा भरला, रामलिसचाही भरला. मग मोरीकडे ओरडली, "नुरजानी, पूर्ण नाव सांग!"

"कशाला? पोलीस आलेत?"

"भागीदार करतेय तुला."

मोरीतलं पाणी बंद झालं. "मग भांडी कोण घासणार?"

"भागीदार घासणार! नाव सांग."

आठही नावं चढली. तिने गृहपाठ पाठवून दिला आणि लॅपटॉप असा मिटला की कपाटातल्या ताटल्या खणखणल्या.

युलहेंद्री फुरंगटून बसला, पण भूक लागलेलीच होती. रामलिसने नेहमीसारख्या ताटल्या मांडल्या. बाईसाहेबांचा लेक रेंदांगचं मांस, मासा, अंडं, सगळ्याला हात लावून ढेकर देत उठला. तोच रामलिसने रिकाम्या ताटल्या मोजून चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली.

"हे काय? मला बिल? उनीच्या पोराला?"

रामलिसने घाबरून रोसमानियारकडे पाहिलं. ती पानाचा डबा उघडत होती.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "मी काय एकटी मालक आहे?"