पेजवाल्याचं पथ्य

चीनमधल्या चाओचौ शहरात, आमच्या गल्लीत बाबांना सगळे पेजवाले म्हणूनच ओळखतात. उभा जन्म त्यांनी तांदळाची पेज विकली, सोबत खारवलेला मुळा आणि वाफवलेले मासे. आता गाडा मी चालवते. पहाटे तांदूळ चढवायचे, ढवळत राहायचं, आणि मध्येच उठून बाबांच्या बोटाला सुई टोचायची. यंत्रावर रक्तातल्या साखरेचा आकडा रोज चढलेलाच असायचा.

"साखरेचा कण खात नाही मी," बाबा म्हणायचे. "तुझं यंत्रच खोटारडं!"

साखर घरात नव्हतीच. मीच सगळी काढून टाकली होती.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, दिवसभर खाता काय?"

"पेज. आजाऱ्याचं हलकं खाणं."

"तीच नडतेय. भाताचीही पोटात साखरच होते. तुम्ही तर तो शिजवून शिजवून इतका मऊ करता की पोटाला कामच उरत नाही. साखर भराभरा रक्तात उतरते."

बाबा वाटभर माझ्या पुढे चालत राहिले. घरी आल्यावर फुटले, "पेज विकून तुला वाढवलं, आ-फिंग. आणि आता तीच वाईट? मग मी लोकांना काय विष वाढत होतो?"

"असं कुठं म्हणाल्या त्या, बाबा?"

"राहू दे. मी जेवतच नाही आता."

भूक लागली की येतील, असं मला वाटलं. समजूत घालायचं त्राणच नव्हतं अंगात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साखर उतरवायची गोळी घेतली आणि उपाशीपोटीच शेजारी खौकाकांकडे चहाला गेले. थोड्या वेळात काका ओरडत आले, "अगं, धाव! तुझ्या बापाला दरदरून घाम सुटलाय!"

बाबा थरथरत होते, पण शुद्धीवर होते. रक्तातली साखर फारच उतरली होती. काकांकडे चहा बिनसाखरेचा, आमच्याकडे साखरेचा डबा रिकामा. मी गाड्यावरून निवलेली पातळ पेज आणली आणि घोटघोट पाजली. हळूहळू थरथर थांबली. बोट टोचून पाहिलं, तर आकडा वर आलेला.

बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. "पेजेनं?"

"पेजेनंच."

"एवढ्या लवकर?"

"तुझी पेज ती," खौकाका म्हणाले. "गिऱ्हाइकाला तरी कधी ताटकळत ठेवलंस तू?"

बाबा हसले नाहीत.

तेव्हापासून, साखर हळू चढावी म्हणून, ते आधी पालेभाजी आणि मासा खातात, मग मूठभर मोकळा भात. "खडे चावतोय नुसते," असं पुटपुटत. आकडा उतरतो, कधी पुन्हा चढतो. सुई काही सुटलेली नाही.

परवा दुपारी गिऱ्हाईक पांगल्यावर मी पेजेचा वाडगा घेऊन भिंतीला टेकले. पाठ मोडून आली होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि माशाची बशी पुढे सरकवली.

"आधी हे खा," ते म्हणाले. "तू माझीच पोर आहेस."